‘नाना’चा शेरा

ज्या राष्ट्रास आपल्या शिपायाचा अभिमान वाटतो असें तें रोज उठून सांगतें, त्या राष्ट्राचा कारभार त्याच शिपायाशीं भांडतांना कोणती भाषा वापरतो, हें एकदां डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखें आहे. ही भाषा फार संक्षिप्त आहे. तिच्यांत मुख्य शब्द एकच. लष्करी वैद्यकीय मंडळाच्या कागदावर आजारी शिपायाच्या रोगापुढें इंग्रजींतील चार शब्दांचीं आद्याक्षरें लिहितात, आणि तीं ओळीनें वाचलीं म्हणजे ‘नाना’ असा उच्चार होतो. अर्थ असा कीं, हा रोग लष्करी सेवेमुळें झालेला नाहीं आणि लष्करी सेवेनें वाढलेलाही नाहीं. मराठी कानास यांत दोन नकार ऐकूं येतात, आणि ते बरोबरच ऐकूं येतात. आमच्या घरोघरीं नाना हें वडीलधाऱ्या, मायाळू माणसाचें नांव असतें. सरकारदरबारचा नाना मात्र दारांत आडवा झोपणारा निघाला आहे.

या शेऱ्याची किंमत काय, हें आधीं पाहूं. कारण पेन्शनचा विषय निघाला कीं पांढरपेशा वाचकाच्या मनांत मोठमोठ्या रकमांचें चित्र उभें राहतें. नियम असा आहे कीं, सेवेमुळें उद्भवलेलें किंवा सेवेनें बळावलेलें वैकल्य निदान २० टक्के भरलें, तर विकलांगतेचें पेन्शन द्यावें. शंभर टक्के वैकल्यास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याखालीं त्याच प्रमाणांत. उदाहरणापुरतें धरा कीं, एकाचें शेवटचें वेतन ३०,००० रुपये होतें आणि वैकल्य २० टक्के ठरलें. त्याच्या वांट्यास महिना १,८०० रुपये येतात. पन्नासाखालचें वैकल्य पन्नास धरावें अशी जी सवलत १९९६ पासून लागू आहे ती मिळाली, तर ४,५००. एवढ्यासाठीं सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातें! ज्याची नोकरी पुरी झाली त्याला निदान साधें पेन्शन तरी असतें. पण ज्याला आठव्या-नवव्या वर्षीं आजारी म्हणून काढलें, त्याचें सर्वस्व या एका शेऱ्यावर लटकलेलें असतें. दहा वर्षें न भरलेल्या शिपायाचा शेरा विरुद्ध गेला, तर पूर्वीं त्याच्या हातावर एकरकमी कांहीं ठेवून निरोप देत, पेन्शन नाहीं. २०२० सालीं सरकारनें ही दहा वर्षांची अट काढली खरी. पण ती ४ जानेवारी २०१९ रोजीं किंवा त्यानंतर जे सेवेंत होते त्यांच्यापुरती, आणि त्यांतही लष्करीच नव्हे तर मुलकी नोकरीसही जो कायमचा निकामी ठरला त्याच्यापुरती. त्याआधीं घरीं गेलेले त्या हुकुमानें बाहेरच ठेवले.

आतां कायदाच शिपायाच्या विरुद्ध असता, तर आमची तक्रार कायद्याशीं असती. चमत्कार असा कीं, कायदा मुळांत त्याच्या बाजूचा आहे. १९८२ चे यासंबंधींचे नियम आहेत. त्यांत म्हटलें आहे कीं, भरतीच्या वेळीं जो दोष नोंदला गेला नाहीं तो शिपायाच्या अंगीं नव्हता असें धरावें. पुढें प्रकृति बिघडून त्याला काढावें लागलें, तर ती सेवेमुळें बिघडली असें धरावें. आपला हक्क सिद्ध करण्यास त्याला सांगूं नये. आणि वाजवी संशय उरलाच तर त्याचा फायदा त्याला द्यावा, रणक्षेत्रांत वा जहाजावर असलेल्यास तर अधिक सढळ हातानें. हा रोग भरतीच्या तपासणींत ओळखूं येण्यासारखाच नव्हता, असें डॉक्टरांस म्हणावयाचें असेल तर तसें म्हणण्याची मोकळीक आहे. मात्र कारणें देऊन.

यांतील न्याय शाळेंतल्या मुलालाही कळेल. भरतीच्या दिवशीं उंची मोजून, छाती मोजून, डोळे, कान, दांत तपासून सरकारच त्या पोराला निरोगी ठरवितें. जराही व्यंग सांपडलें तर रांगेंतून बाजूला काढतें. पुढचीं वर्षें तो कोठें राहिला, किती उंचीवर, किती थंडींत, किती रात्री जागा, याची नोंदही सरकारच्याच दप्तरांत. मग एके दिवशीं तो थरथरूं लागला, झटके येऊन पडूं लागला, किंवा रात्रीं दचकून उठूं लागला, तर हें सेवेमुळें झालें याचा पुरावा त्यानें आणावा कोठून? दप्तर एकाकडे आणि पुराव्याचा बोजा दुसऱ्याकडे, अशी वांटणी कोणत्याही सावकारानें केली असती तर आपण तिला लबाडी म्हटलें असतें.

हा विचार कांहीं आमच्या सरकारास आकाशांतून सुचलेला नाहीं. इंग्लंडांत १९४३ सालीं, ऐन महायुद्ध चालूं असतां, शिपायांच्या पेन्शनच्या अपिलांसाठीं स्वतंत्र न्यायमंडळें नेमण्याचा कायदा झाला. घरावर बाँब पडत असतांना त्या लोकांना हें सुचलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें. संशयाचा फायदा म्हणजे नक्की किती, पुराव्याचा बोजा कोणावर आणि केवढा, याचें जें विवेचन न्यायमूर्ति डेनिंग यांनीं १९४७ सालीं केलें व ज्याचा दाखला आजही आपल्या फौजदारी न्यायालयांतून देतात, तें एका सैनिकाच्या विधवेच्या पेन्शन-अपिलांत केलेलें आहे. दूरची, केवळ कल्पनेंतली शक्यता म्हणजे संशय नव्हे, असें त्यांनीं ठरविलें, आणि ती बाई तें अपील हरली, हेंही सांगितलें पाहिजे. पण ती हरली ती एका स्वतंत्र न्यायाधीशासमोर, कारणें ऐकून. आमच्या शिपायाला हरण्याचा हा मानही मिळत नाहीं.

मग घोडें पेंड कोठें खातें? तें खातें अपिलांत. वैद्यकीय मंडळ लष्कराच्याच डॉक्टरांचें. त्याचा शेरा विरुद्ध गेला कीं दावा फेटाळल्याचें पत्र येतें, आणि त्यांतच कळविलेलें असतें कीं सहा महिन्यांच्या आंत अपील करावें. पहिलें अपील लष्करी मुख्यालयाच्या समितीकडे; तेथें हरल्यास दुसरें तिच्याहून वरच्या समितीकडे. दोन्ही समित्यांवरील माणसें सैन्याचीं व संरक्षण खात्याचीं, आणि त्यांना वैद्यकीय सल्ला देणारेही त्याच गणवेशांतले. शिपाई समोर नसतो. त्याचा कागद असतो. ज्या मंडळानें कारण लिहिलें नाहीं त्याच्या कोऱ्या जागेकडे पाहून वरची समिति म्हणते कीं मंडळाचें मत योग्य दिसतें, आणि तिच्या मताकडे पाहून तिच्यावरची म्हणते कीं खालच्या समितीनें सर्व बाजूंचा विचार केलेला आहे. याला अपील म्हणणें म्हणजे सासूविरुद्धची तक्रार सासूच्याच बहिणीकडे नेण्यासारखें आहे.

यापूर्वीं तर याहून मौज होती. अलाहाबादच्या पेन्शन-हिशेब कचेरींत बसलेले वैद्यकीय सल्लागार प्रत्यक्ष रोग्याला न पाहतां, त्याला तपासणाऱ्या मंडळाची टक्केवारी आपल्या लेखणीनें खालीं आणीत. विसाच्या खालीं आली कीं काम झालें! ज्यानें नाडी पाहिली त्याचें मत खोटें आणि ज्यानें फक्त टपाल पाहिलें त्याचें खरें, हा प्रकार १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें थांबविला. फेरतपासणी केल्यावांचून हिशेब खात्यानें मंडळाचें मत फिरवूं नये, एवढी साधी गोष्ट देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयास सांगावी लागली.

कारणें द्यावींत हेंही त्याच न्यायालयास सांगावें लागलें, आणि त्यासाठीं वीस वर्षें आणखी गेलीं. १९८५ सालीं सिग्नल दलांत भरती झालेला एक शिपाई नऊ वर्षांच्या नोकरीनंतर १९९४ च्या एप्रिलांत फेफऱ्यासारखे झटके येतात म्हणून काढला गेला. वैकल्य २० टक्के, कायमचें. भरतीच्या कागदांत या रोगाची नोंद नाहीं. मंडळाच्या छापील कागदावर प्रश्न होता कीं, सेवेशीं संबंध नाहीं असें मत असल्यास तुमच्या मतें रोगाचें नेमकें कारण काय तें लिहा. त्यापुढें मंडळानें लिहिलें कीं, या विकलांगतेचा लष्करी सेवेशीं संबंध नाहीं! वैद्यानें विचारावें ताप कशानें आला, आणि घरच्यांनीं सांगावें पावसानें आला नाहीं. तसलें हें उत्तर. एवढ्या भांडवलावर सरकार त्या माणसाशीं एकोणीस वर्षें लढलें. हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयांत एका न्यायाधीशानें त्याला पेन्शन दिलें, त्याच न्यायालयाच्या दोघांनीं तें काढून घेतलें, आणि २ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें परत दिलें. मंडळानें कारणें दिलेलीं नाहींत, बोजा सरकारवर आहे आणि शिपायावर नाहीं, भरतीच्या वेळीं नोंद नसलेला रोग सेवेंतच उद्भवला असें धरणें प्राप्त आहे, असें न्यायालयानें नियमांतलीं कलमें एकेक पुढें ठेवून म्हटलें. म्हणजे न्यायालयानें नवें कांहीं केलें नाहीं. सरकारचेच नियम सरकारास वाचून दाखविले.

शहाणा पक्षकार अशा निकालानंतर काय करील? खालच्या कचेऱ्यांस पत्रक धाडील कीं, यापुढें कारणें लिहा, आणि जुनीं प्रकरणें काढून मिटवा. आमचें सरकार अपिलें करीत राहिलें. पन्नासाखालचें वैकल्य पन्नास धरण्याची सवलत नोकरी पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावी कीं केवळ मध्येंच काढलेल्यांना द्यावी, या एका प्रश्नावर सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत एवढीं अपिलें नेलीं कीं १० डिसेंबर २०१४ रोजीं आठशेंहून अधिक अपिलें एकाच निकालानें फेटाळावीं लागलीं. आठशेंहून अधिक वेळां कोणीतरी सही केली असेल, कोणीतरी वकिलाची फी मंजूर केली असेल; आणि समोर लंगडणारा, कापणारा, कानानें अधू झालेला एकेक माणूस असेल.

२०१५ सालीं गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना त्यांनीं या खटलेबाजीचा विचार करण्यासाठीं तज्ज्ञांची समिति नेमली. तिनें त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत अहवाल दिला. विकलांग सैनिकांच्या बाजूनें लागलेल्या निकालांविरुद्ध अपिलें करीत राहण्याच्या संवयीवर तिनें कडक टीका केली आणि असलीं अपिलें थांबवावींत असें सुचविलें. अहवाल सरकारचाच, समिति मंत्र्यांचीच. तरीही कचेरींतला नाना जागचा हलला नाहीं. मंत्री येतात आणि जातात, शेरा मारणाऱ्याची खुर्ची तेथेंच असते.

आणि जेथें न्यायालयापुढें चालेना तेथें नियमच बदलण्याचा मार्ग मोकळा होताच. २००८ च्या नियमांत अशी पुस्ती जोडली कीं, भरतीची तपासणी कांहीं सर्वांगीण नसते, सुप्त रोग तींत सांपडतीलच असें नाहीं; म्हणून रोग सेवेंत प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवेमुळें झाला असें होत नाहीं. हक्क सिद्ध करण्यास शिपायाला ‘सामान्यतः’ सांगितलें जाणार नाहीं; या ‘सामान्यतः’मध्यें किती जण बुडाले असतील तें देवाला ठाऊक. पंधरा वर्षांनंतर दावा केला तर बोजा सरळ त्याच्याच खांद्यावर. पुढें २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आले. जो वैकल्य सोसूनही सेवेंत राहिला त्याला मिळणाऱ्या रकमेचें नांवच त्यांत पालटलें. पेन्शनचा अंश हें जुनें नांव जाऊन ‘रिलीफ’ आलें. हक्काच्या जागीं मदत आली. शब्द बदलल्यानें रक्कम बदलत नाहीं असें कोणी म्हणेल; पण मदत मागणाऱ्यानें ज्या आवाजांत बोलावें अशी अपेक्षा असते तो आवाज निराळा असतो, हें ज्यानें कधीं कोणापुढें हात पसरला आहे त्याला कळेल.

दारांची कथा तर वेगळीच आहे. सैनिकांसाठीं २००७ च्या कायद्यानें न्यायाधिकरण निर्माण झालें आणि २००९ च्या ऑगस्टांत तें सुरूं झालें. चांगली गोष्ट झाली, आणि त्या न्यायाधिकरणानें विकलांगतेच्या प्रकरणीं पुष्कळांस न्याय दिला, हें मान्य केलेंच पाहिजे. पण महाराष्ट्र, गोवा व गुजरात मिळून त्याचें पीठ मुंबईस. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा किंवा शिरोळ तालुक्यांतल्या सैनिक टाकळीचा अधू माणूस वकिलाची फी, एस्. टी. चें भाडें व मुंबईची एक रात्र यांचा हिशेब करूनच तेथें निघतो. तेथें हरल्यास पुढें कोठें? २०१५ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानें उच्च न्यायालयाचा रस्ता जवळजवळ बंद केला. उरलें तें एकदम सर्वोच्च न्यायालय, आणि तेंही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न निघत असेल तरच. एका शिपायाच्या झटक्यांत सार्वजनिक महत्त्व कसलें निघणार! २१ मार्च २०२३ रोजीं हें दार पुन्हां उघडलें. उघडल्याबरोबर त्यांतून गर्दीनें आंत शिरलें तें सरकारच. न्यायाधिकरणानें शिपायांना दिलेल्या पेन्शनांविरुद्ध सरकारनें उच्च न्यायालयांत याचिकांचे ढीग घातले, आणि जुलै २०२५ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें असा एक मोठा गठ्ठा एकत्र फेटाळला. नियम २००८ चे असोत, मंडळानें कारणें दिलींच पाहिजेत, आणि शिपाई ‘शांत ठिकाणीं’ नेमलेला असतांना रोग दिसला एवढें म्हणून सुटतां येणार नाहीं, असा त्या न्यायालयाचा त्या वर्षींचा कौल आहे. शांत ठिकाण! जणूं सीमेवरची दोन वर्षें मनुष्य गाडींतून उतरतांना ट्रंकेबरोबर स्टेशनावर ठेवून येतो.

या सर्व विलंबाचा खर्च कोण भरतें, याचा हिशेब फार थोडे मांडतात. पेन्शनची थकबाकी दर महिन्यास नवी होते, म्हणून उशिरा आलेल्या सैनिकाचा दावा अगदींच बुडत नाहीं. पण २००८ सालच्या एका निर्णयानुसार त्याला दावा दाखल करण्यापूर्वींच्या तीनच वर्षांची बाकी मिळते. त्या प्रकरणांतला माणूस १९८३ सालीं काढला गेला होता आणि १९९९ सालीं न्यायालयांत आला. मधलीं तेरा वर्षें सरकारच्या तिजोरींत जमा! ज्यानें पत्र वाचून ‘सरकार म्हणतें तें खरेंच असेल’ असा विश्वास ठेवला आणि निमूट शेतावर गेला, त्याला विश्वासाचा हा दंड. अशा व्यवस्थेंत नकार देणें हा सरकारास बिनतोट्याचा धंदा ठरतो; दहांतले सात भोळे असतील तर तिघांना व्याजासह दिलें तरी परवडतें.

दुसरी बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं, आणि ती पोकळही नाहीं. महालेखापालांच्या तपासणींतून २०२३ सालीं असें पुढें आलें कीं, दरवर्षीं निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीं सुमारें ३६ ते ४० टक्के लोक विकलांगतेचा लाभ घेतात. रक्तदाब, मधुमेह हे रोग बँकेंतल्या कारकुनालाही होतात, मग लष्करांतल्यालाच त्याबद्दल पैसे कां, असें सरकारपक्ष विचारतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानेंही २०१९ सालीं छिन्नमनस्कतेच्या प्रकरणीं, असले मनोविकार भरतीच्या वेळीं कळून येण्यासारखे नसतात असें म्हणून शिपायास नकार दिला होता. असे नकार योग्यही असूं शकतील. प्रत्येक आजारी माणूस सेवेमुळेंच आजारी पडतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच तपासणींतला दुसरा आंकडा वाचा. अधिकारी नसलेल्या शिपाई-हवालदारांत हेंच प्रमाण १५ ते १८ टक्के आहे. खंदकांत कोण राहतो, ओझें कोण वाहतो, हें सांगण्याची गरज नाहीं. मग अधिकाऱ्यांचीं शरीरें शिपायांच्या दुपटीनें मोडतात काय? आम्हांस यांतून एकच गोष्ट दिसते: ज्याला कागद कसा लिहावा, कोणत्या मुदतींत, कोणाकडे, हें कळतें त्याला मिळतें, आणि ज्याला कळत नाहीं त्याला नाना भेटतो. लबाडी रोखण्याच्या नांवाखालीं जी भिंत उभारली आहे ती चतुराला उडी मारण्याइतकी ठेंगणी आणि अधूला अडविण्याइतकी उंच आहे. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मनोविकाराच्याच एका प्रकरणीं पुन्हां कारणांवर बोट ठेवलें आणि कारणावांचूनचा शेरा टिकत नाहीं असें म्हटलें. कारण मागणें म्हणजे औदार्य मागणें नव्हे. कारण लिहिलें तर लबाडाचें पितळही त्यानेंच उघडें पडेल.

दर ७ डिसेंबरला, १९४९ पासून, आपण ध्वजदिनाचे दोन पैसे डब्यांत टाकतों आणि कागदी झेंडा छातीला लावून घरीं येतों. त्याच आपल्या पैशानें, कर या नांवानें, त्या शिपायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाची फीही जाते. दोन्ही पावत्या एकाच घरांत आहेत, याची आठवण सुज्ञ वाचकांस करून देणें आम्हांस भाग आहे. कारण हा विषय लष्कराचा, आपला नव्हे, असें समजून पान उलटण्याची संवय आपल्याच वर्गास आहे.

मागण्या फार नाहींत. पहिल्या अपिलाच्या समितींत निदान एक डॉक्टर असा असावा कीं ज्याचा पगार संरक्षण खातें देत नाहीं. शिपायास समोर बसवावें, आणि त्याला त्याच्या भाषेंत बोलूं द्यावें. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध वर जावयाचें असेल, तर जो अधिकारी तसा हुकूम देतो त्यानें आपल्या नांवानें व सहीनें लिहावें कीं हा प्रश्न २०१३ व २०१४ च्या निकालांनीं कां सुटलेला नाहीं. शेराच बिनकारण होता असें ठरलें, तर तीन वर्षांच्या मर्यादेचा आसरा सरकारनें आपण होऊन सोडावा आणि पहिल्या दिवसापासूनची बाकी व्याजासह द्यावी. आणि ज्या कागदावर ‘नाना’ लिहिलें आहे पण कारणाचा रकाना कोरा आहे किंवा त्यांत नुसता शेराच पुन्हां उतरवला आहे, तो कागद प्रयागराजच्या कचेरीनें पुढें न सरकवतां मंडळाकडे परत पाठवावा. आणि तो भरून येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या माणसाच्या नांवें पैसे जमा होत राहावेत.